एकशे चौदा दिवसांचा संसार

प्रश्न विट्याजवळच्या एका गावातून आलाय. वय २६, लग्नाला तीन वर्षं. नवरा कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या दुकानात. दिवाळीला दहा-बारा दिवस आणि चैत्रात गावच्या जत्रेला आठवडाभर घरी येतो. ती आजवर दोनदा महिना-महिना तिकडं राहून आलीय. पाळी ३६ ते ४२ दिवसांनी येते. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ (अंडाशयात अर्धवट वाढलेली अंडी) लिहिलंय, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) ६.८. गेल्या वर्षी मे ते सप्टेंबर अंडं वाढायच्या गोळ्या झाल्या, दिवस राहिले नाहीत. आता एका ठिकाणी आधी दुर्बिणीची तपासणी आणि मग टेस्ट ट्यूब बेबी, असं सांगितलंय. सासूबाई देवऋष्याकडं चल म्हणतात. नवऱ्याची तपासणी झालेली नाही, कारण ‘त्यांचं सगळं नॉर्मल आहे’. तिनं विचारलंय एवढंच: टेस्ट ट्यूब करून घेऊ का?

नको. निदान आत्ता तरी नको.

तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. सत्तावीस वर्षं सांगलीत बायकांची ओपीडी बघतेय. विटा, खानापूर, आटपाडी या बाजूची बाई समोर बसली की केसपेपरवर ‘लग्नाला किती वर्षं’ याच्या शेजारी मी पेनानं आणखी एक रकाना आखते: एकत्र किती दिवस. सातारच्या बाजूला हाच रकाना फौजींच्या घरांसाठी लागतो. अपशिंग्यासारखी गावं आहेत तिकडं, घरटी एक माणूस सैन्यात. तुमच्याकडं गलाई. सोनं-चांदी गाळायला तुमच्या तालुक्यातली माणसं पार देशभर गेली आणि बायका इकडं शेती, जनावरं आणि सासू-सासरे बघत राहिल्या.

तुझेच आकडे घेऊन हिशेब मांडला. दिवाळीचे ११ दिवस धरले, तीन वर्षांचे ३३. जत्रेचे ७, तीनदा, म्हणजे २१. तू तिकडं राहिलीस ते ६०. झाले ११४. तुझी पाळी चाळीस दिवसांची धरली तर एकशे चौदा दिवसांत पुरत्या तीन पाळ्याही बसत नाहीत. तेही त्यातले पाळीचे दिवस वजा न करता.

आम्ही वंध्यत्व हा शब्द वापरतो तो कुठलंही गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध असताना १२ महिने दिवस राहिले नाहीत तर. बाईचं वय ३५ च्या पुढं असेल तर ६ महिने. हे बारा महिने एका छपराखालचे असतात, लग्नपत्रिकेवरच्या तारखेपासूनचे नव्हेत. धडधाकट, विशीतल्या, रोज एकत्र राहणाऱ्या जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण शंभरात वीस-पंचवीसच असते. त्यातली ऐंशी-पंच्याऐंशी जोडपी वर्षभरात मार्गी लागतात, पण वर्ष लागतं. तुम्हा दोघांना अजून पुरत्या तीन पाळ्याही मिळालेल्या नाहीत.

म्हणून हातावर हात ठेवून बस, असं नाही सांगत. पाळी ३५ दिवसांच्या पुढं जात असेल तर वर्षभर थांबायची गरज नसते, तपासणी आधीच सुरू करावी. पण तपासणी सुरू करणं आणि टेस्ट ट्यूबच्या टेबलावर जाणं यात बरंच अंतर आहे.

आता त्या पाच महिन्यांच्या गोळ्यांबद्दल. मे ते सप्टेंबर. जत्रा चैत्रात होऊन गेली होती आणि दिवाळी यायची होती, म्हणजे त्या काळात नवरा कोईमतूरला. तू दर महिन्याला पाच दिवस गोळ्या घेतल्यास, दिवसाआड एसटीनं जाऊन सोनोग्राफी करून घेतलीस, ‘अंडं १९ एमएमचं झालंय, आज-उद्या फुटेल’ असं कागदावर लिहून आणलंस, आणि ते फुटलं तेव्हा घरात तू आणि सासूबाई. हसू येतं आणि रागही येतो. तुला एकदाही कुणी विचारलं नाही की मालक कुठं असतात? हे मी फक्त तुझ्या डॉक्टरांना म्हणत नाही. माझ्याही हातून सुरुवातीच्या वर्षांत हे झालंय. चार महिने उपचार केल्यावर एक बाई शांतपणे म्हणाली, ‘ते बोर्डरवर हायत न्हवं, मॅडम.’ त्या दिवसापासून तो रकाना आला. तेव्हा ‘पाच महिने औषध लागू पडलं नाही’ हे वाक्य तुझ्या फायलीतून खोडून टाक. त्या गोळ्यांची परीक्षाच झालेली नाही.

मी बायकांना भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगते. गेल्या महिन्यात एकीनं पिशवीतून गुंडाळी काढली. त्यावर दुधाचे खाडे होते, गॅसची टाकी लावल्याची तारीख होती, म्हैस रेड्याला दाखवल्याची तारीख होती, भिशीचे हप्ते होते. पाळीची एकही नव्हती. म्हटलं, म्हशीची तारीख लिहितेस आणि तुझी नाही? तर म्हणाली, सासरे बघतात की. मग आम्ही ठरवलं, पाळीच्या तारखेवर नुसता एक बारीक ठिपका द्यायचा, कुणाला कळत नाही. तूही तेच कर. ठिपका म्हणजे पाळीचा पहिला दिवस. नवरा घरी असेल त्या तारखांखाली रेघ. बाकी काही नको.

हे कशासाठी, ते नीट समजून घे. अंडं फुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी. पाळीनंतर चौदाव्या दिवशी, असं जे सगळ्यांना पाठ असतं ते फक्त २८ दिवसांची पाळी असणारीपुरतं खरं. तुझी ४० दिवसांची, म्हणजे अंडं फुटायचा दिवस सव्विसावा. तू मोबाइलवर बघून चौदाव्या दिवसाच्या आसपास नवऱ्याला बोलावत असशील तर तो बिचारा दहा-बारा दिवस आधीच येऊन परत गेलेला असणार. फुटलेलं अंडं १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र गर्भपिशवीत आणि नळ्यांत पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून कामाचे दिवस सहा: अंडं फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. या दिवसांत एकाआड एक दिवस संबंध आला तरी पुरे.

शरीरही खूण देतं, पण आपल्याकडं त्या खुणेलाच आजार समजतात. अंडं तयार होत आलं की खालून जाणारा स्राव पातळ, पारदर्शक, तार येणारा होतो. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा. माळकरी घरातल्या बायकांना मी भेंडी चिरल्यावर बोटाला येते ती तार सांगते. ‘मॅडम, अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून बायका याच दिवसांत येतात आणि कुठून कुठून गोळ्या घेऊन तो स्राव बंद करायला बघतात. अगं, तो जायलाच हवा, शुक्रजंतूंची वाट तीच. घाण वास येत असेल, खाज असेल, दह्यासारख्या गुठळ्या पडत असतील किंवा रंग हिरवट-पिवळा असेल तर तो जंतुसंसर्ग, त्याला औषध घ्यावं लागतं. बाजारात लघवीवर अंड्याचा दिवस दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. पीसीओडीत त्या खोटा होकार देतात, तुझे पैसे वाचव.

आणखी एक विचारते, लाजू नकोस. संबंध नीट येतो का? ‘हो’ म्हणून मोकळी होऊ नकोस. नीट म्हणजे, लिंग योनीत पूर्ण आत जातं आणि वीर्य आतच पडतं. दर वर्षी माझ्याकडं दोन-चार जोडपी अशी येतात की लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली, फाइल बोटभर जाड, आणि हे मुळात घडलेलंच नाही. कुणाला प्रचंड दुखतं, जवळ आलं की मांड्या आपोआप आवळल्या जातात. तो बाईचा नखरा नसतो, ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू भीतीनं घट्ट होतात आणि ते तिच्या हातात नसतं. श्वासाचे, स्नायू सैल सोडायचे व्यायाम आणि स्वतःच्या बोटापासून हळूहळू सवय, यानं बहुतेक जणी बऱ्या होतात. कुणाच्या घरात जागाच नसते. सोप्यात सासरे, माजघरात सासू आणि नणंदेची पोरं, त्यात दिवाळीचे पाहुणे. त्या अकरा दिवसांतल्या किती रात्री खरंच तुमच्या दोघांच्या होत्या?

संबंधानंतर पाय वर करून झोपायची, उशी घ्यायची गरज नाही. थोडं पाणी बाहेर येतं ते येऊ दे, जायचे ते शुक्रजंतू तोवर आत गेलेले असतात. लगेच आतून पाण्यानं धुऊ मात्र नकोस. आणि कोरडं वाटतं म्हणून थुंकी लावू नका, तिनं शुक्रजंतूंची हालचाल मंदावते.

आता मालकांकडं येऊ. ‘त्यांचं सगळं नॉर्मल आहे’ हे कुणी ठरवलं? बहुतेक त्यांनीच. मूल होत नसलेल्या जोडप्यांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. त्यांची तपासणी म्हणजे एका डबीत वीर्याचा नमुना. तुझी म्हणजे सुई, सोनोग्राफी, नळ्यांत औषध सोडून एक्स-रे आणि भूल देऊन दुर्बीण. आधी कोणती करायची हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि तरी तुझ्या फायलीत दुर्बिणीचा सल्ला आहे नि डबी नाही.

नवरे का टाळतात, याची कारणं दार लावल्यावर कळतात. एक म्हणजे लाज, लॅबच्या बाथरूमात, बाहेर माणसं बसलेली. मग घरी नमुना घ्या, स्वच्छ डबी लॅबमधून आणा आणि तासाभराच्या आत खिशात, अंगाच्या उबेत ठेवून पोचवा. साध्या निरोधमध्ये घेऊ नका, त्यावरच्या द्रवानं शुक्रजंतू मरू शकतात. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, एवढंच पथ्य. दुसरं कारण म्हणजे भीती. वयात आल्यावर हस्तमैथुन केलं, स्वप्नात वीर्य गेलं, म्हणून ‘धातू संपला’ असं कित्येकांच्या डोक्यात भिंतीवरच्या जाहिरातींनी भरवलेलं असतं. त्यानं काहीही संपत नाही. वृषणात शुक्रजंतू रोज नव्यानं तयार होत राहतात. तिसरं कारण सगळ्यांत चिवट: रिपोर्ट खराब आला तर आपण पुरुष नाही असं ठरेल. ताठरता, इच्छा, दाढी-मिशी हे एक खातं आणि शुक्रजंतूंची संख्या हे दुसरं खातं. शून्य शुक्रजंतू असलेला माणूस संबंधात अगदी व्यवस्थित असू शकतो, नमुन्याकडं नुसतं बघून त्याला स्वतःलाही काही कळत नाही.

रिपोर्ट आला की लॅबवाल्याच्या लाल अक्षरांनी घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण हालचाल ४२ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. होय, चारच. शंभरात शहाण्णव वेडेवाकडे असले तरी चालतं, हे ऐकून नवऱ्यांचे चेहरे खुलतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वीचा टायफॉइड किंवा डेंगीचा ताप आजच्या रिपोर्टात दिसतो. एक रिपोर्ट कमी आला तर तीन महिन्यांनी पुन्हा करायचा, मगच बोलायचं.

तुझ्या नवऱ्याच्या बाबतीत मला भट्टीची काळजी वाटते. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते थंड राहण्यासाठीच. दिवसभर मुशीसमोर मांडी घालून बसणाऱ्याला ती धग थेट लागते. चांदी गाळताना शिसं वापरत असतील तर त्याच्या वाफाही शुक्रजंतूंना वाईट. काम सोडा असं म्हणणार नाही, पण मध्येमध्ये उठावं, वारा खेळता असावा, अंगावर सैल सुती कपडे असावेत, तंबाखू-गुटखा बंद. आणि हा मुद्दा गलाईपुरता नाही, पण सांगली-साताऱ्यात लिहिते आहे म्हणून टाकतेच: तालमीत, जिममध्ये ताकदीची म्हणून जी इंजेक्शनं टोचतात ती टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या जातीची असतात. बाहेरून ते मिळालं की शरीर आपलं उत्पादन थांबवतं. खांदे रुंद आणि शुक्रजंतू शून्य, असे दोन पैलवान मी पाहिलेत. थांबवल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात.

तुझ्या पीसीओडीचं थोडक्यात. त्या ‘गाठी’ नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेली बारीक अंडी आहेत, ती काढायची नसतात. नुसत्या सोनोग्राफीवर हे निदान करतही नाहीत. पाळी लांबणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींतल्या दोन हव्यात, आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) तपासून त्यांचा बिघाड नाही, याची खात्री करायला हवी. ते झालेत का, तू लिहिलं नाहीस. साखरही बघून घे. एएमएच ६.८ म्हणजे अंड्यांचा साठा भरपूर आहे, त्याला घाबरवणारा रिपोर्ट म्हणून कुणी दाखवलं असेल तर ते चुकलं. उलट अशा बाईला टेस्ट ट्यूबची इंजेक्शनं दिली की अंडाशय फुगून पोटात पाणी होण्याचा धोका जास्त, म्हणूनही घाई नको. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ६८ किलोला साडेतीन किलो. आणि गोळी म्हणशील तर लेट्रोझोल, जी तू बहुधा घेतलीच असशील. तीच पहिली पसंती आहे, फक्त नवरा घरात असताना.

नळ्यांची तपासणी त्याच्या रिपोर्टनंतर. घरात, माहेरी किंवा शेजारी कुणाला क्षयरोग झाला होता का, ते आठव. आपल्याकडं नळ्या बंद होण्याचं ते मोठं कारण आहे. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला ज्यांचं नाव मिळालं त्या मिशनरी वानलेस डॉक्टरांच्या काळापासून मिरज छातीच्या क्षयावरच्या उपचारांसाठी ओळखली जाते, पण गर्भपिशवीचा क्षय ना खोकत ना ताप देत, गुपचूप नळ्या खाऊन टाकतो. पाळीला रक्त फार कमी जात असेल तर मला सांग. एवढं मात्र लक्षात ठेव, पिशवीच्या तुकड्यावर क्षयाच्या जंतूची नुसती पीसीआर तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच सहा महिन्यांची औषधं सुरू करू नकोस, दुसरं मत घे.

आणि मिश्री? तू लिहिली नाहीस, पण तुमच्या भागात विचारावंच लागतं. लावत असशील तर आजपासून बंद. दातांची पूड म्हणून लावली तरी ती भाजलेली तंबाखूच. तिनं दिवस राहायलाही अडथळा येतो आणि राहिल्यावर बाळ कमी वजनाचं होतं. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज एक, आत्तापासून.

सासूबाईंचं. खरसुंडीच्या सिद्धनाथाला नवस बोलायचाय तर खुशाल बोलू देत, नारळानं कुणाचं नुकसान होत नाही. देवऋष्याकडं मात्र एकटी तर नाहीच, कुणासोबतही जाऊ नकोस. मूल देतो म्हणून बाईला आत नेणारे भेटतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, दैवी शक्तीनं मूल होईल असं भासवून बाईशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा स्पष्ट लिहिलेला आहे. ज्यांनी त्या कायद्यासाठी आयुष्य घातलं ते दाभोलकर डॉक्टर साताऱ्याचे आणि शिकलेले आमच्या मिरजेच्या मेडिकल कॉलेजात. सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांना माझ्याकडं घेऊन ये. ११४ हा आकडा मी त्यांच्यासमोर मांडते. बहुतेक सासवा त्यावर गप्प होतात, एक-दोन तर लेकाला फोन लावतात.

टेस्ट ट्यूबचं तंत्र वाईट नाही. १९८६ साली मुंबईत केईएममध्ये इंदिरा हिंदुजांनी ते करून दाखवलं तेव्हापासून कित्येक घरांत त्यानं पाळणा हलला. नळ्या दोन्हीकडून बंद असतील, शुक्रजंतू फारच कमी असतील, तर तुलाही मीच पाठवीन. त्या वेळी त्या टेस्ट ट्यूब केंद्राची २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालची नोंदणी भिंतीवर आहे का ते बघायचं, आणि उपचाराच्या एका फेरीचा सगळा खर्च इंजेक्शनांसकट लिहून मागायचा. कायद्यानं बाईला ५० वर्षांपर्यंत मुभा आहे. तू २६ ची आहेस.

दोघांना एकत्र पाच-सहा महिने मिळतील असं बघ. एकतर तूच तिकडं राहायला जा, गलाईवाल्यांच्या बायका आता जातात, खोली घेऊन राहतात. गोळ्या तिथल्या डॉक्टरकडून घेता येतील, मी चिठ्ठी देईन. ते जमत नसेल तर त्याचं येणं पाळीच्या हिशेबानं लाव. गोळ्यांशिवाय तुझं गणित असं: सगळ्यांत छोटी पाळी ३६ दिवसांची, त्यातून १४ गेले, बावीसावा दिवस, त्याआधीचे पाच धरून सतराव्यापासून सुरुवात. सगळ्यांत मोठी ४२ ची, त्यातून १४ गेले, अठ्ठाविसावा, तिथं शेवट. समज, ठिपका ४ मार्चवर पडला, तर २० ते ३१ मार्च. त्यानं १९ ला घरी पोचायचं आणि १ एप्रिलनंतर परत जायचं. जत्रा त्यात बसली तर उत्तम, नाही तर या वर्षी पालखीला खांदा दुसरं कुणीतरी देईल. येताना बॅगेत त्याचा डबीचा रिपोर्ट असू दे, तिकडच्याच लॅबमधला चालेल.